व्हॉल्व्हचा जुना टीव्ही पुन्हा जिवंत करताना: प्लग सगळ्यात शेवटी

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा जुना टीव्ही हाती लागला की पहिली इच्छा होते ती प्लग लावून बघण्याची. माझ्या पहिल्या सेटला मी हेच केलं. व्हॉल्व्ह हळूहळू उजळले, बारीक शिट्टी ऐकू आली, मग मेण जळल्याचा वास आला. मी प्लग ओढेपर्यंत लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर (चित्राच्या आडव्या ओळी आखायला लावणारा आणि ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा) गेला होता. त्या मॉडेलचा ट्रान्सफॉर्मर आता कुठेच बनत नाही. ज्या कंडेन्सरपायी तो गेला, तो बदलायला दहा मिनिटं पुरली असती.

म्हणून या लेखातली कामं आहेत त्याच क्रमाने करा. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेला सेट आत कसा आहे हे बाहेरून कळत नाही. 'मागच्या वेळी व्यवस्थित चालत होता' या वाक्यालाही अर्थ नाही, कारण मधल्या काळात कंडेन्सर सुकलेले आणि ओल धरलेले असतात. आधी तपासणी, मग दुरुस्ती, आणि मग थोडी थोडी वीज.

धोका नेमका कुठे आहे

लोक पिक्चर ट्यूबला घाबरतात. घाबरावं हे खरंच, पण आतला सगळ्यात मोठा धोका ती नव्हे. काळ्या-पांढऱ्या सेटमध्ये ट्यूबच्या अॅनोडवर (काचेच्या अंगावरच्या हाय व्होल्टेजच्या जोडणीवर) साधारण १० ते १८ किलोव्होल्ट असतात, रंगीत सेटमध्ये २० ते २५ आणि कधी त्याहून जास्त. ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून वीजवाहक थर दिलेला असतो, त्यामुळे ट्यूब स्वतःच एक कंडेन्सर बनते, साधारण ५०० ते २५०० पिकोफॅरडचा. सेट बंद केल्यावर तिच्यात चार्ज कित्येक दिवस टिकू शकतो. त्यातली ऊर्जा थोडी असते, पण झटक्याने हात असा उडतो की चेसिसच्या (सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्याच्या) पत्र्याने कापतो किंवा हातातली ट्यूब खाली पडते.

जीव घेऊ शकतो तो एचटी पुरवठा, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणारा हाय व्होल्टेजचा डीसी पुरवठा. २०० ते ४०० व्होल्ट, त्यामागे मोठे फिल्टर कंडेन्सर, आणि सेट चालू असेल तर थेट मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या विजेची ताकद. त्यात अनेक सेटना मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो. व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) एकामागोमाग एक माळेत जोडलेले असतात आणि मेन्सची एक तार सरळ चेसिसला येते. प्लग उलटा बसला की अख्खं चेसिस फेजवर! बाहेरची प्लास्टिकची बटणं तुम्हाला वाचवतात, पण बटण हरवलेलं असेल तर उघडा दांडा आणि बटणाच्या कडेचा छोटा स्क्रूसुद्धा फेजवर असतो. म्हणून कुठल्याही सेटवर काम करताना सेटला मेन्सपासून वेगळा करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. व्हॅरिअॅकने व्होल्टेज कमी-जास्त होतं, पण तो मेन्सपासून वेगळं करत नाही. या दोघांची गल्लत करू नका.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काही सेटमध्ये पिक्चर ट्यूबचे हजारो व्होल्ट थेट मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरमधून येतात. त्यामागे भरपूर करंट असतो आणि तो झटका प्राणघातक आहे. असा सेट हाती आला तर त्यावर शिकू नका, जाणकाराकडे न्या.

ट्यूब डिस्चार्ज करायची रीत अशी. प्लग काढलेला. एक हात पाठीमागे. पातळ, चपटा, चांगल्या इन्सुलेटेड दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि त्याच्या पात्याला तार जोडा. तारेचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या थराला टेकणाऱ्या पट्टीला किंवा स्प्रिंगला अडकवा. तारेत काही मेगाओहमचे, हाय व्होल्टेज सोसणारे रेझिस्टन्स एकामागे एक घातले तर फारच चांगलं, ठिणगी सौम्य होते. मग अॅनोडच्या रबरी टोपीखालून पातं आत सरकवा आणि मधल्या धातूच्या चिमट्याला टेकवा. 'टिक' असा आवाज येईल किंवा येणारही नाही. पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा तेच करा, कारण काच धरून ठेवलेला थोडा चार्ज परत देते. फिल्टर कंडेन्सरसाठी १ ते २ किलोओहमचा, १० वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड वायरींच्या टोकांना बांधून ठेवा. तो लावून झाला की मीटरने शून्य बघा. न मोजता हात घालायचा नाही.

ट्यूबच्या आसपास काम करताना डोळ्यांवर जाड गॉगल हवा. ट्यूब कधीही मानेला धरून उचलू नका. बाहेर काढावीच लागली तर जाड घोंगडीवर पडदा खाली करून ठेवा. काही जुन्या सेटमध्ये गरम व्हॉल्व्हच्या वर करड्या-पांढऱ्या पुठ्ठ्यासारखा पत्रा असतो, तो अॅस्बेस्टॉस असू शकतो. तो खरवडू नका, त्याला भोकं पाडू नका.

सेट उघडल्यावर

पहिला तास फक्त फोटो. मागचं झाकण, आतली कागदी चिठ्ठी, प्रत्येक व्हॉल्व्हची जागा, योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या, झोत वळवणाऱ्या कॉइलींच्या) वायरींचे रंग, ट्यूबच्या मानेवरचे चुंबक कुठे आणि कसे बसलेत, सगळं टिपून ठेवा. झाकणाच्या आत चिकटवलेला व्हॉल्व्हचा नकाशा बहुतेकदा ठिसूळ झालेला असतो. त्याला हात लागण्याआधी फोटो काढा. आणि सर्किट डायग्राम मिळवा. तो नसला तरी काम होतं, पण मग प्रत्येक पायरीला तिप्पट वेळ जातो.

धूळ मऊ ब्रशने काढायची, व्हॅक्यूमची नळी जवळ धरून. पाणी नाही. व्हॉल्व्हवरचे छापील नंबर ओल्या फडक्याने क्षणात पुसले जातात आणि मग दोन सारखे दिसणारे व्हॉल्व्ह ओळखता येत नाहीत, म्हणून नंबरवर बोटही फिरवू नका. व्हॉल्व्ह एकेक काढून, पिना साफ करून त्याच जागी परत ठेवा. सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब पुरतो. चॅनेल बदलायच्या ट्यूनरमध्ये मात्र स्प्रेचा फवारा मारू नका. कापसाच्या काडीवर क्लीनर घेऊन फक्त संपर्काच्या पट्ट्या पुसा. तिथल्या बारीक कॉइलींना धक्का लागला तर ट्यूनिंग सरकतं, आणि ते परत जुळवायला सिग्नल जनरेटर लागतो.

याच वेळी मनाला बजावायची गोष्ट म्हणजे, आयएफच्या (ट्यूनरकडून आलेला सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) डब्यांवरचे स्क्रू फिरवायचे नाहीत. गुंडाळ्यांच्या आतले ते गाभे कारखान्यात जुळवलेले असतात आणि सहसा जागचे हलत नाहीत. 'जरा फिरवून बघू' म्हणून बिघडवलेले सेट मी बरेच पाहिलेत. नुसत्या जुन्या झालेल्या सेटपेक्षा असा सेट दुरुस्त करायला कितीतरी अवघड जातो.

पिक्चर ट्यूबचा निवाडा आधी

बाकी सगळं बदलता येतं, ट्यूब मिळणं कठीण. म्हणून खर्च करण्याआधी ती तपासा. हीटरच्या दोन पिनांमध्ये मीटरवर काही ओहम दिसले पाहिजेत. काहीच दिसलं नाही तर आधी पिनांचं सोल्डर तपासा. जुन्या ट्यूबच्या पोकळ पिनांमधलं सोल्डर सुटलेलं असतं आणि ते पुन्हा केलं की 'मेलेली' ट्यूब उठते. मग मानेच्या आतली चांदीसारखी चकाकी बघा. ती आरशासारखी असेल तर आतली निर्वात पोकळी शाबूत आहे. दुधी पांढरी झाली असेल तर आत हवा शिरली, ट्यूब संपली.

पडद्याच्या कडेने बुरशीसारखे पांढरट डाग दिसले तर घाबरू नका. ट्यूबच्या काचेवर सुरक्षेसाठी चिकटवलेल्या दुसऱ्या काचेमधला डिंक खराब होतो, ट्यूबला त्याने काही झालेलं नसतं. चित्राला त्रास होत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. काच वेगळी करताना ट्यूब फुटण्याची भीती असते. ट्यूबचा जोर कमी वाटला तरी लगेच हताश होऊ नये. वर्षानुवर्षं बंद असलेली ट्यूब काही तास चालल्यावर बरीच सुधारते.

खरं काम कंडेन्सरचं

मेणात बुडवलेले किंवा काळ्या-तपकिरी साच्यातले कागदी कंडेन्सर सगळेच्या सगळे बदला. 'वाईट निघाले तेवढेच बदलू' असं मी पूर्वी म्हणत असे, आता म्हणत नाही. मल्टिमीटर हे कंडेन्सर नीट तपासूच शकत नाही. तो काही व्होल्टवर मोजतो आणि कंडेन्सर काम करतो दोन-तीनशे व्होल्टवर. इतकंच नाही, ०.०५ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरला मीटरने ०.०७ दाखवलं तर तो चांगला आहे असं नव्हे. गळतीमुळेच, म्हणजे कंडेन्सरमधून डीसी झिरपत असल्यामुळेच आकडा फुगतो.

गळती किती घातक आहे ते एका उदाहरणात बघा. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर (आउटपुटच्या टोकावर) १५० व्होल्ट आहेत आणि तिथून कंडेन्सरमार्गे सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंट कमी-जास्त करणाऱ्या जाळीला) जातो. ग्रिडपासून चेसिसला १ मेगाओहमचा रेझिस्टन्स आहे. कंडेन्सर जुना होऊन ५ मेगाओहमइतका गळू लागला, जे साध्या मीटरवर 'जवळजवळ काहीच नाही' असं दिसतं. आता १५० व्होल्ट ५ आणि १ मध्ये वाटले जातात आणि ग्रिडवर २५ व्होल्ट येतात, तेही धन. जिथे ऋण व्होल्टेज असायला हवं तिथे हे! व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, प्लेट लालबुंद होते आणि त्याच्यासोबत ट्रान्सफॉर्मरही तापतो. माझा पहिला सेट असाच गेला.

तुम्हाला स्वतः खात्री करायची असेल तर कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा, सेट चालू असताना त्या सुट्या टोकावर डीसी व्होल्ट मोजा. सुरुवातीला काटा हलून परत शून्याजवळ आला पाहिजे. तिथे काही व्होल्ट स्थिर राहिले की कंडेन्सर गेला. पण हा प्रयोग नंतरचा. पहिल्यांदा वीज देण्याआधी निदान लाइन (आडव्या ओळी आखणाऱ्या) आणि फ्रेमच्या (चित्र वरून खाली आखणाऱ्या) भागातले, आवाजाच्या आउटपुटचे आणि एचटीवरचे कागदी कंडेन्सर बदललेले हवेत.

नवे घ्यायचे ते पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनचे, ६३० व्होल्टचे. ०.०५ च्या जागी ०.०४७, ०.०२ च्या जागी ०.०२२, ०.००५ च्या जागी ०.००४७, ०.२५ च्या जागी ०.२२ चालतात. अपवाद लाइन आउटपुटच्या भागाचा. तिथे योक आणि ट्रान्सफॉर्मरच्या आसपासचे कंडेन्सर सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त ठोके खातात, तेही शेकडो-हजारो व्होल्टचे. तिथे पल्स सोसणारा पॉलिप्रॉपिलिनच हवा, डायग्राममध्ये असेल त्याहून कमी व्होल्टेजचा चालणार नाही, आणि मूल्यही तंतोतंत तेच, कारण त्यावर चित्राची रुंदी आणि ईएचटी (ट्यूबचे हजारो व्होल्ट) दोन्ही ठरतात. अभ्रकाचे चपटे कंडेन्सर आणि चकतीसारखे सिरॅमिक सहसा चांगलेच असतात. त्यांना, विशेषतः आयएफ आणि ट्यूनरमधल्यांना, हात लावू नका.

एका वेळी एकच बदला. जुना काढला, नवा लावला, डायग्रामवर खूण केली, मग पुढचा. सगळे एकदम कापून काढले की संध्याकाळी चेसिसकडे बघून काहीच आठवत नाही. जुनी वायर टॅगभोवती दोनदा गुंडाळून मग सोल्डर केलेली असते. ती ओढली तर टॅग तुटतो किंवा शेजारचा व्हॉल्व्ह सॉकेट चिरतो. मी कंडेन्सरचं अंग कापतो, तारेची छोटी शेपटी ठेवतो, तिची लांब नाकाच्या पक्कडीने बारीक गुंडी करतो आणि नव्याची तार त्यात ओवून सोल्डर करतो. गुंडी आधी घट्ट दाबली की सांधा पक्का बसतो.

आता इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे पुरवठ्यातले मोठ्या मूल्याचे फिल्टर कंडेन्सर. अॅल्युमिनियमच्या उभ्या डब्यात तीन-चार कंडेन्सर एकत्र असतात आणि तळाशी प्रत्येक टॅगशेजारी त्रिकोण, चौकोन, अर्धचंद्र अशी खूण कोरलेली असते. डब्याच्या अंगावर कुठली खूण किती मायक्रोफॅरडची ते छापलेलं असतं. हळूहळू व्होल्टेज वाढवून जुने पुन्हा 'घडवता' येतात असं पुष्कळजण सांगतात आणि काही वेळा ते जमतंही. पण त्यांच्या भरवशावर एक दुर्मीळ ट्रान्सफॉर्मर टांगायला माझं मन धजत नाही. डबा दिसायला जागच्या जागी ठेवा, त्याच्या वायरी पूर्ण सोडवा आणि नवे कंडेन्सर चेसिसखाली टॅगपट्टीवर बसवा. नवा कंडेन्सर जुन्याला समांतर जोडू नका, जुना गळतच राहतो. ४० च्या जागी ४७ ठीक आहे. 'मोठा तेवढा बरा' म्हणून व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) लगेच पुढे २२० लावलात तर चालू होतानाचा करंटचा लोंढा रेक्टिफायरला सोसत नाही.

मेन्सच्या दोन तारांमधला कंडेन्सर एक्स-२ दर्जाचा (मेन्सवर बसवण्यासाठी बनवलेला सुरक्षा दर्जा) लावा. चेसिस लाइव्ह (मेन्सला थेट जोडलेलं) असलेल्या सेटमध्ये अँटेनाच्या सॉकेटमागे छोटे कंडेन्सर असतात आणि अँटेना हातात धरणाऱ्याला मेन्सपासून तेवढेच वाचवतात. ते वाय दर्जाचे (माणसाला मेन्सपासून वाचवणाऱ्या जागेसाठीचा सुरक्षा दर्जा) नवे घाला, मूल्य तेच. सेट चालत असला तरी हे बदलायचेच.

रेझिस्टन्स, रेक्टिफायर, ट्रान्सफॉर्मर

जुने कार्बनचे रेझिस्टन्स काळाबरोबर वर सरकतात, मोठ्या मूल्याचे जास्त. ४७० किलोओहमचा ७०० झालेला सर्रास दिसतो. मोजायला प्रत्येकाचं एक टोक सोडवायची गरज नाही. सर्किटमध्ये मोजताना आजूबाजूच्या वाटांमुळे आकडा कमीच दिसू शकतो, जास्त नाही. म्हणजे जागेवरच छापील मूल्यापेक्षा जास्त दिसला तर तो नक्की सरकलाय. फक्त कंडेन्सर आधी डिस्चार्ज झालेले हवेत. १५-२० टक्क्यांहून जास्त सरकलेले बदला. चित्राची उंची, फोकस आणि सिंकच्या (चित्र जागेवर स्थिर धरणाऱ्या) भागातल्यांकडे जास्त लक्ष द्या.

पंख्यांच्या पात्यांसारख्या चौकोनी पत्र्यांची चळत दिसली तर तो सेलेनियम रेक्टिफायर. तो जळाला की अतिशय घाण आणि विषारी वायू सुटतो. तिथे १००० व्होल्टचा सिलिकॉन डायोड लावा, पण त्याच्या आधी वॉटेज सोसणारा रेझिस्टन्स घाला. सिलिकॉनमध्ये व्होल्टेज फार कमी पडतं, त्यामुळे एचटी मुळापेक्षा वर जातो. डायग्राममधला आकडा मिळेपर्यंत तो रेझिस्टन्स जुळवायचा. लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरचं मेण ओघळलेलं असेल, काळे ठिपके असतील तर ओळखा की तो तापलेला होता. त्याच्यावरची धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि सेट ओलसर जागी पडून असेल तर ४०-५० अंशांच्या ऊबेत दिवसभर वाळवा.

मेन्सची वायर रबराची असेल आणि वाकवल्यावर चिरत असेल तर ती आणि आतल्या तशा सगळ्या वायरी बदला.

पहिली वीज

व्हॅरिअॅकने तासभर हळूहळू व्होल्टेज वाढवत न्यायचं, असा सल्ला सगळीकडे मिळतो. व्हॉल्व्हच्या टीव्हीला तो मला पटत नाही. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर हीटर पुरेसा तापेपर्यंत एचटी येतच नाही, आणि अर्ध्या व्होल्टेजवर लाइन ऑसिलेटर (ओळींचे ठोके तयार करणारा भाग) सुरू झाला नाही तर लाइन आउटपुट व्हॉल्व्हला ड्राइव्ह मिळत नाही. तो मोकाट करंट ओढतो आणि लाल होतो. त्याऐवजी सिरीज बल्ब वापरा. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, सेटच्या एका तारेत, तारेच्या फिलामेंटचा जुना १०० ते २०० वॉटचा बल्ब.

त्याआधी मीटरने एचटी ते चेसिस ओहम बघा. कंडेन्सर भरत जातील तसा आकडा चढून काही किलोओहमवर स्थिरावला पाहिजे. शंभर-दोनशे ओहमवर अडकला तर कुठेतरी शॉर्ट आहे, प्लग लावायचाच नाही.

पहिल्या चाचणीत लाइन आउटपुटचा भाग अलग ठेवा. त्याचा एचटी फ्यूज काढा, किंवा त्या व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडकडे (दुसऱ्या जाळीकडे) जाणारा रेझिस्टन्स एका बाजूने सोडवा. नुसती प्लेटची टोपी काढून ठेवणं चूक आहे, मग सगळा करंट स्क्रीन ग्रिड ओढते आणि तीच जळते. हीटर माळेत असतील तर व्हॉल्व्ह उपटूनही चालणार नाही, अख्खी माळ तुटते. आता चालू करा. थंड हीटर जास्त करंट ओढतात म्हणून बल्ब आधी लख्ख लागेल, मग मंदावत जाईल. लख्खच राहिला तर बंद करा आणि शॉर्ट शोधा. मंदावला तर नाक आणि डोळे उघडे ठेवून पाच मिनिटं थांबा. एचटी मोजा, प्रत्येक व्हॉल्व्ह उजळलाय का बघा, कुठली प्लेट लाल होत नाही ना बघा. काचेच्या आतल्या भिंतीवर मंद निळी झाक दिसली तर ती निरुपद्रवी असते. जांभळी चमक व्हॉल्व्हच्या मधोमध दिसली तर आत वायू शिरलाय.

सगळं ठीक असेल तर सिरीज बल्ब काढून पूर्ण व्होल्टेज द्या आणि लाइन आउटपुट जोडण्याआधी त्याच्या ग्रिडवर ऋण व्होल्टेज येतंय का मोजा. हे मोजमाप मी कधीच टाळत नाही. बहुतेक सेटमध्ये उणे ३० ते ५० च्या आसपास असतं, तुमच्या सेटचा आकडा डायग्राममध्ये मिळेल. शून्य आलं तर ऑसिलेटर बंद आहे, आधी तो दुरुस्त करा. ऋण व्होल्टेज मिळालं की प्लग काढून, डिस्चार्ज करून फ्यूज किंवा सोडवलेला रेझिस्टन्स जोडा. ईएचटीच्या धातूच्या पिंजऱ्याचं झाकण लावलेलंच हवं, रंगीत सेटमध्ये तर नक्कीच, कारण तिथले रेक्टिफायर आणि रेग्युलेटर व्हॉल्व्ह एक्स-किरण सोडू शकतात. ब्राइटनेस कमी ठेवा आणि चालू करा.

मिनिटभराने ती बारीक शिट्टी येते. ६२५ ओळींच्या पद्धतीत लाइनची वारंवारता १५,६२५ हर्ट्झ, ५२५ ओळींच्या पद्धतीत १५,७५० हर्ट्झ. तरुण कानांना ती स्पष्ट ऐकू येते, वय झालेल्यांना नाही, तेव्हा घरातल्या एखाद्या मुलाला विचारा. मग पडद्यावर राखाडी उजेड पसरतो. त्याला आपण रास्टर म्हणतो. मी अजूनही त्या क्षणी खुर्चीवरून उठून उभा राहतो.

पन्नासच्या दशकातल्या अनेक ट्यूबच्या मानेवर, सॉकेटजवळ एक छोटा चुंबक असतो, आयन ट्रॅप. तो सरकलेला असेल तर पडदा अंधारा राहतो आणि आत इलेक्ट्रॉनचा झोत चुकीच्या जागी आदळून ट्यूब खराब करतो. ब्राइटनेस कमी ठेवूनच तो पुढे-मागे आणि गोल सरकवत जास्तीत जास्त उजेड मिळेल तिथे ठेवायचा. पडद्याच्या कोपऱ्यातली सावली घालवण्यासाठी त्याला हलवू नका, सावलीचा इलाज योक पुढे दाबून आणि चित्र मध्ये आणणाऱ्या चुंबकांनी करायचा.

पडदा काय सांगतो

यापुढे सेटच तुमच्याशी बोलतो. पडद्यावर फक्त एक आडवी तेजस्वी रेघ दिसली तर फ्रेमचा भाग बंद आहे. लगेच ब्राइटनेस उतरवा, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची जळते. चित्र खाली-वर पळत असेल आणि व्हर्टिकल होल्डने क्षणभरच थांबत असेल तर सिंक वेगळा करणाऱ्या भागातले छोटे कंडेन्सर आणि रेझिस्टन्स बघा. तिरक्या पट्ट्या होऊन चित्र फाटत असेल तर हॉरिझॉन्टल होल्ड आणि तिथली डायोडची जोडी. खालची कड दुमडून वर आली असेल तर फ्रेम आउटपुटचा ग्रिडचा कंडेन्सर गळतोय किंवा कॅथोडचा (व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचा) इलेक्ट्रोलायटिक सुकलाय.

चारही बाजूंनी चित्र आखडलंय? एचटी कमी आहे, रेक्टिफायर तपासा. चित्रातून आडवा गडद पट्टा हळूहळू सरकतोय? तो सहसा फिल्टरचा दोष. अर्ध्या लाटेच्या पुरवठ्यात एक पट्टा दिसतो, पूर्ण लाटेच्या पुरवठ्यात दोन, म्हणून पूर्ण लाटेच्या सेटमध्ये एकच पट्टा दिसला तर फिल्टरऐवजी हीटर-कॅथोडच्या गळतीचा संशय घ्या. ब्राइटनेस वाढवल्यावर चित्र फुगून धूसर होत असेल तर ईएचटी रेक्टिफायर व्हॉल्व्ह थकलाय. उजळ चेहरे चांदीसारखे, सपाट दिसत असतील तर पिक्चर ट्यूबचा जोर ओसरलाय. बटण फिरवूनही ब्राइटनेस काही केल्या कमी होत नसेल तर ट्यूबमध्ये हीटर आणि कॅथोड चिकटले असावेत. हीटरला वेगळा, चेसिसपासून अलग ट्रान्सफॉर्मर दिला की अशी ट्यूब अनेकदा वर्षानुवर्षं चालते.

नुसत्या मुंग्या दिसल्या आणि आवाजात खरखर आली तर आनंद माना, ट्यूनरपासून पडद्यापर्यंत सगळी वाट खुली आहे.

सिग्नल कुठून आणायचा

अॅनालॉग प्रक्षेपण बहुतेक जगात बंद झालंय, तेव्हा आरएफ मॉड्युलेटर लागतो. तो डिजिटल प्लेअरचं चित्र एखाद्या व्हीएचएफ चॅनेलवर देतो. सेटची पद्धत आणि मॉड्युलेटरची पद्धत जुळली पाहिजे. चित्र सुरेख पण आवाज नाही, ही तक्रार हमखास याचमुळे येते. आवाजाची लहर चित्रापासून काही पद्धतींत ४.५ मेगाहर्ट्झवर, काहींत ५.५, ६ किंवा ६.५ वर असते. ब्रिटनचे ४०५ ओळींचे किंवा फ्रान्सचे ८१९ ओळींचे सेट असतील तर साधा मॉड्युलेटर उपयोगाचा नाही, ओळींची संख्या बदलणारा स्टँडर्ड्स कन्व्हर्टर हवा. चेसिस लाइव्ह असेल तर सिग्नल फक्त अँटेनाच्या सॉकेटमधून द्या. आत थेट व्हिडिओची तार जोडून प्लेअरला फेजवर आणू नका.

वर्तुळ असलेली चाचणी-आकृती लावून उंची आणि लिनिॲरिटी (चित्र सगळीकडे सारखं ताणलेलं असणं) एकमेकांना धरून थोडी थोडी जुळवा. एक हलवलं की दुसरं हलतंच. सेट तासभर तापल्यावरच शेवटचं जुळवावं.

कॅबिनेटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सौम्य साबणाच्या जेमतेम ओल्या फडक्याने पुसा, मग मेणाचं पॉलिश. मूळ लाकडी फिनिश खरवडू नका. त्यावरचे बारीक चरे राहू द्या.

सेट पुन्हा बंद करण्याआधी निदान चार-पाच तास तुमच्या डोळ्यांसमोर चालवा. दर अर्ध्या तासाने ट्रान्सफॉर्मरचा वास घ्या, आणि बंद करून, प्लग काढून, एचटी शून्य झाल्याचं मीटरवर बघून नव्या कंडेन्सरना बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसायला नको. मग बदललेल्या प्रत्येक भागाची यादी, मूळ आणि नवं मूल्य, मोजलेले एचटी आणि ग्रिडचे आकडे, तारीख, सगळं एका कागदावर लिहा, पाकिटात घाला आणि ते पाकीट मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, गरम व्हॉल्व्हपासून दूर चिकटवा. पुढे हा सेट उघडणाऱ्याला ते पहिल्यांदा दिसेल.